एका व्होल्टला किती वेढे?

मार्च ते जून या काळात हिंगणा रोडवरच्या वाइंडिंगवाल्याकडे छोटा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाऊ नये. दुकानाबाहेर कूलरच्या पंपांची आणि पंख्यांच्या मोटारींची रांग लागलेली असते. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद पडला की घरात आणीबाणी असते. तुमच्या ॲम्प्लिफायरच्या पंधरा व्होल्टना तिथे कोण विचारतो? जावे ते ऑगस्टात. मशीन रिकामे असते आणि माणूस बोलायच्या मनःस्थितीत असतो. तुमची चिठ्ठी हातात घेऊन तो आधी एकच गोष्ट विचारतो: ‘भाऊ, पर व्होल्ट किती टर्न पकडले?’

हौशी माणसाची सगळी परीक्षा त्या प्रश्नात आहे. वानाडोंगरी आणि डिगडोहच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले दरवर्षी प्रोजेक्टसाठी अशा चिठ्ठ्या घेऊन येतात. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचे लोक येतात, आणि माझ्यासारखे बिनकामाचे रिकामटेकडेही. कोणी ४२ भागिले क्षेत्रफळ केलेले असते, कोणी ४५, कोणी ५०. कोणाकडे ३७.५ असते, आणि जुन्या इंचवाल्या पुस्तकातून शिकलेला एखादा काका साडेसात भागिले चौरस इंच सांगतो. जो तो आपलाच फॉर्म्युला खरा मानतो. गंमत अशी की हे पाचही फॉर्म्युले एकच आहेत; फरक आहे तो त्यांच्या पोटात दडवलेल्या गृहीतकांचा. या लेखात मला ती गृहीतके बाहेर काढायची आहेत, कारण ती न तपासता हिंगण्यात गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर मे महिना काढेलच असे नाही.

मूळ समीकरण सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. व्होल्ट म्हणजे ४.४४ गुणिले वारंवारता, गुणिले वेढे, गुणिले फ्लक्स डेन्सिटी, गुणिले गाभ्याचे क्षेत्रफळ. क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये घेतले आणि आपली ५० हर्ट्झ वारंवारता बसवली, की एका व्होल्टला लागणारे वेढे काढायला १०,००० ला २२२ ने, फ्लक्स डेन्सिटीने आणि क्षेत्रफळाने भागायचे. फ्लक्स डेन्सिटी १ टेस्ला धरली तर ४५ भागिले क्षेत्रफळ येते. ४२ वाल्याने नकळत १.०७ टेस्ला धरलेले असतात, ५० वाल्याने ०.९. इंचवाल्या काकांचे साडेसात म्हणजे चौरस इंचाला साठ हजार चुंबकीय रेषा, म्हणजे ०.९३ टेस्ला. इथवर भांडण फुकटचे आहे. सगळे एकाच मोहल्ल्यातले रहिवासी.

खरा घोळ ३७.५ चा. हा आकडा दोन वाटांनी येतो. आपल्या ५० हर्ट्झवर १.२ टेस्ला धरा, ३७.५ मिळतात. अमेरिकेच्या ६० हर्ट्झवर १ टेस्ला धरा, तरी ३७.५ च. कागदावर नुसता आकडा पाहून तो कुठून आला हे कळायला मार्ग नाही. १.२ टेस्लाचा असेल तर चांगल्या पत्र्यावर तो खुशाल वापरावा. पण अमेरिकन पुस्तकातल्या कृतीत ६० हर्ट्झ आणि १.४ टेस्ला दोन्ही असतील, तर आकडा २६.८ वर येतो, आणि तो जसाच्या तसा इथे वापरला की गाभ्यात १.६८ टेस्ला भरले जातात. त्यात रात्रीचा व्होल्टेज. वीजपुरवठ्याला २३० वर ६ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते, म्हणजे २४४ पर्यंत सगळे नियमात. तेवढ्यात फ्लक्स डेन्सिटी १.७८ ला पोचते. साधे सिलिकॉन स्टील साधारण दीड टेस्लाच्या पुढे संपृक्त व्हायला लागते. मग प्राइमरी बेसुमार करंट ओढते, ट्रान्सफॉर्मर बिनलोडचाच तापतो आणि गुरगुरतो. माझा पहिला ट्रान्सफॉर्मर असाच गेला. हिशेबात एकही चूक नव्हती, गुणाकार-भागाकार सगळे बरोबर होते. फक्त तो दुसऱ्या देशाच्या विजेचा हिशेब होता.

म्हणून चिठ्ठीवर फॉर्म्युला लिहू नये, टेस्ला लिहावे.

आता किती टेस्ला धरायचे हे लोखंड ठरवते, आणि बाजारात लोखंडाची जात विचारून काही हाती लागत नाही. दुकानदार सगळ्याच पत्र्यांना ‘सीआरजीओ’ म्हणतो. सीआरजीओ म्हणजे कण एकाच दिशेला लावून लाटलेले सिलिकॉन स्टील. नॉर्मन गॉस या अमेरिकन संशोधकाने १९३४ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या दिशेने चुंबकीय प्रवाह गेला तर ते अप्रतिम असते, आडवा गेला तर त्याचा मोठेपणा संपतो. ई आणि आय आकाराच्या पत्र्यांत प्रवाहाला चार काटकोनी वळणे घ्यावी लागतात, म्हणजे वाटेचा काही भाग तो कणांना आडवाच जातो. त्यामुळे ई-आय पत्र्याला सीआरजीओच्या नावाने दीड टेस्ला देणे म्हणजे बैलगाडीला घोडा जुंपून शर्यतीचा वेग मागणे. त्यातून जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या भंगारातून कापलेला पत्रा असेल, कडांना बर असेल, वार्निश उडालेले असेल, तर आणखी कमी. ओळखीचा नवा पत्रा असेल तर १.२, अनोळखी असेल तर १. हा माझा नियम आहे आणि त्याने मला आजवर फसवलेले नाही. वेढे थोडे जास्त लागतात, तांब्याचे चार पैसे जास्त जातात, ट्रान्सफॉर्मर गप्प बसतो.

या पत्र्यांच्या आकाराबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण मला ते फार आवडते. मधल्या जिभेची रुंदी जेवढी, तिच्या निम्मी खिडकीची रुंदी आणि दीडपट खिडकीची लांबी. दोन ई तोंडाला तोंड लावून एका आयतातून कापले की त्यांच्या खिडक्यांतून पडणाऱ्या दोन पट्ट्या म्हणजेच दोन आय. कचरा जवळपास शून्य. आपल्याकडे हे पत्रे नंबरावर विकतात आणि नंबरांचा मापाशी काही संबंध नाही: १७ नंबरची जीभ १२.७ मिलिमीटर, २३ ची १९.०५, १५ ची २५.४, ३३ ची २८, १६ ची ३८.१. क्रम कोणी लावला देव जाणे. नंबर पाठ करण्यापेक्षा खिशात पट्टी ठेवावी.

हिशेबाची सुरुवात मात्र पत्र्यापासून होत नाही, वापरापासून होते, आणि हौशी लोकांची सगळ्यात महाग चूक इथेच होते. ‘मला डीसी दोन अँपिअर पाहिजे’ म्हणून दोन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळतात. ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर लावला की डायोड फक्त लाटेच्या शेंड्यावर उघडतात आणि तेवढ्या वेळात सगळा करंट झटक्याने ओढतात. सेकंडरीतला खरा करंट त्यामुळे डीसीच्या १.६ ते १.८ पट होतो. म्हणजे दोन अँपिअरच्या सेकंडरीतून बिनघोर डीसी मिळतो सव्वा अँपिअरच्या आत. उलट व्होल्टेज वाढते: पंधरा व्होल्टचा शेंडा २१.२, त्यातून दोन डायोडचे दीडेक व्होल्ट वजा, म्हणजे कपॅसिटरवर जवळजवळ वीस. हे आधी कळले नाही तर पुढे कितीही अचूक वेढे मोजून उपयोग नाही.

तर १५ व्होल्ट, २ अँपिअर एसी असा ट्रान्सफॉर्मर घेऊ. ३० व्हीए. एवढ्या लहान ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून प्राइमरीकडून ३५ व्हीए. गाभ्याच्या क्षेत्रफळाचा चालू नियम असा की व्हीएच्या वर्गमुळाला १.१५ ने गुणायचे: येतात ६.८ चौरस सेंटीमीटर. हा नियम निसर्गाचा नाही, अनुभवाचा आहे. गाभा याहून लहान घेतला तर वेढे वाढतात आणि खिडकीत मावत नाहीत. मोठा घेतला तर तांबे कमी लागते आणि लोखंड वाढते. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या दुकानात १५ नंबरसाठी एक इंच बाय सव्वा इंचाचे बॉबिन मिळते. २.५४ गुणिले ३.१७५ म्हणजे ८.०६. त्यातले सगळे लोखंड नसते, पत्र्यांमध्ये वार्निश आणि हवा असते, म्हणून ०.९ ने गुणून ७.२६. हा ०.९ विसरणारे निम्मे असतात.

१ टेस्लाने ४५ भागिले ७.२६, एका व्होल्टला ६.२ वेढे. प्राइमरी १४२६. सेकंडरी ९३. इथे पुस्तके सांगतात की सेकंडरीत ५ टक्के वेढे जास्त घाला, लोडवर व्होल्टेज पडते म्हणून. मी तो ५ टक्क्यांचा आकडा किती तरी वर्षे आंधळेपणाने घातला आणि पंधराचे साडेचौदाच मिळत राहिले. मग एकदा बसून तारेची लांबी मोजली. प्राइमरीचा सरासरी वेढा १३८ मिलिमीटरचा, म्हणजे १४२६ वेढ्यांना १९७ मीटर तार. ३२ गेजच्या तेवढ्या तारेचा रोध चाळीस अंशाला ६२ ओहम. पूर्ण लोडला त्यात साडेनऊ व्होल्ट जातात, २३० चे ४ टक्के. सेकंडरीच्या सतरा मीटरभर तारेत आणखी पाऊण व्होल्टच्या आसपास, म्हणजे ५ टक्के. एकूण नऊ. ५ टक्क्यांचा नियम शे-दीडशे व्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ठीक असेल. तीस व्हीएला ८ ते १० टक्केच घालावे लागतात. म्हणून सेकंडरी १०१. बिनलोडला ती १६.३ व्होल्ट दाखवेल. दाखवू दे.

तारेची जाडी ठरवताना बाजार आणि पुस्तक समोरासमोर उभे राहतात. पुस्तक म्हणते, चौरस मिलिमीटरला अडीच अँपिअर. काही वाइंडिंगवाले चारपर्यंत जातात, कारण तांबे किलोवर मिळते. अडीचने प्राइमरीच्या ०.१५३ अँपिअरला ३२ गेज लागते, ०.२७४ मिलिमीटरची, सेकंडरीच्या दोन अँपिअरला १९ गेज, १.०१६ मिलिमीटरची. अडीचचे चार केले तर तारेच्या तेवढ्याच तांब्यात होणारी उष्णता त्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीच पटीहून जास्त. पुण्या-बंगळुरात हे कदाचित खपत असेल. इथे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि बंद कॅबिनेटच्या आत त्यात आणखी दहा अंश सहज मिळवावेत. साध्या ‘ए’ वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १०५ अंश. थंड गावातल्या ट्रान्सफॉर्मरला त्या मर्यादेपर्यंत तापायला ऐंशी अंशांची मोकळीक असते, हिंगण्याच्या मे महिन्यात पन्नासही नसते. अडीच हा आकडा आपल्यासाठी चैन नाही.

मावेल का, हा प्रश्न शेवटी ठेवतात आणि तो आधी विचारायला हवा. १५ नंबरची खिडकी १२.७ बाय ३८.१ मिलिमीटर. बॉबिनच्या भिंती गेल्यावर साडेदहा बाय चौतीस उरते. एनॅमलसकट ०.३१ ची तार एका थरात १०९ वेढे घेते, म्हणजे प्राइमरीचे चौदा थर. सेकंडरी थराला ३१, म्हणजे तीन थर आणि चौथ्यात आठ वेढे. प्राइमरी ४.३ मिलिमीटर, सेकंडरीही ४.३, थरांमधला पातळ कागद आणि दोन्हींमधले मिलिनेक्स मिळून एक. ९.६ झाले. मिलिमीटरभराच्या आत जागा उरते. मशीनवर बसेल, हाताने गुंडाळणाऱ्याची तार पोटात फुगते, त्याने सव्वाऐवजी दीड इंचाचे बॉबिन घ्यावे, वेढेच कमी होतील.

गुंडाळताना पाहण्यासारखे असते ते वाइंडिंगवाल्याचे बोट. कापडाची चिंधी अंगठा आणि तर्जनीत धरून तो तार सोडतो. काउंटर टकटक पुढे जात असतो, त्याचे लक्ष मात्र आकड्याकडे नसते. तारेत बारीकशी गाठ किंवा सोललेली जागा आली की चिंधीतून त्याला कळते आणि पाय पॅडलवरून उठतो. मी ‘काय झालं?’ म्हणेपर्यंत त्याने तिथे कागदाचा तुकडा लावलेला असतो. एनॅमल सोललेल्या दोन शेजारच्या वेढ्यांनी एकमेकांना स्पर्श केला तर तो एक वेढा शॉर्ट होतो, आणि १४२६ मधला एक शॉर्ट वेढा सगळा ट्रान्सफॉर्मर जाळायला पुरतो. सूत्रात चिंधीला जागा नाही.

प्राइमरी आणि सेकंडरी यांच्यामधल्या कागदात कंजुषी करू नये. तिथे माणसाचा जीव आहे. टोके एम्पायर स्लीव्हमधून बाहेर काढावीत, प्राइमरी एका बाजूने, सेकंडरी दुसऱ्या. पत्रे एक इकडून, एक तिकडून, उलटसुलट भरावेत. सगळे एकाच बाजूने भरले तर सांध्यात हवेची फट राहते. चोकला ती हवी असते, ट्रान्सफॉर्मरला नाही. शेवटचे दोन-चार पत्रे हातोडीने ठोकून बसवावे लागतात. ते न बसवता बोल्ट आवळला की ट्रान्सफॉर्मर आयुष्यभर गुणगुणतो.

एवढा हिशेब ज्याला नको त्याच्यासाठी एक आडवाट आहे आणि ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. भंगारातला चालू ट्रान्सफॉर्मर घ्या. न उघडता खिडकीतल्या फटीतून साध्या हुकअप वायरचे दहा वेढे ओवा आणि प्राइमरीला वीज द्या. मीटरवर १.६ व्होल्ट आले तर एका व्होल्टला सव्वासहा वेढे. कारखान्याने केलेला सगळा हिशेब दहा वेढ्यांत हातात आला. लोखंड कोणते, टेस्ला किती, काही विचारायचे नाही. प्राइमरी तशीच ठेवून फक्त सेकंडरी उलगडायची, मोजत मोजत, आणि आपल्या व्होल्टेजची नवी घालायची. नवशिक्याने पहिले तीन ट्रान्सफॉर्मर असेच करावेत. एक अपवाद ठेवावा: मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर. त्याची सेकंडरी दोन हजार व्होल्टच्या आसपासची असते आणि करंटही भरपूर देते. ती जोडलेली असताना त्यावर कुठलाही प्रयोग करू नये. चूक झाली तर दुसरी संधी नाही.

भारनियमनाच्या काळात गल्लोगल्ली इन्व्हर्टर बनत होते. त्यांच्या बाबतीतही सूत्रातला एक आकडा बदलतो. चौकोनी लाटेला ४.४४ च्या जागी ४ येतात, म्हणजे तेवढ्याच व्होल्टला ११ टक्के जास्त वेढे. फेराइटच्या एसएमपीएसलाही तेच सूत्र, पण ५० हर्ट्झच्या जागी ५० हजार. एक चौरस सेंटीमीटरच्या गाभ्यावर ०.२ टेस्लाने चार व्होल्टला एकच वेढा पुरतो. म्हणूनच बारा व्होल्टचा ॲडॉप्टर आज आपल्या पाव किलो तांब्यापेक्षा स्वस्त पडतो. ज्याला फक्त बारा व्होल्ट हवे आहेत त्याने बर्डीला जाऊन ॲडॉप्टर आणावा. मेट्रो लोकमान्यनगरहून थेट सीताबर्डीला जाते. लोखंडी ट्रान्सफॉर्मर गुंडाळावा तो ऑडिओसाठी, व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओसाठी, टेबलावरच्या सप्लायसाठी, किंवा तो कसा चालतो हे बोटांना कळावे म्हणून. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी यांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर केला, त्यात आणि आपल्या १५ नंबरात तत्त्वाचा काही फरक नाही. शासकीय मराठीत त्याला रोहित्र म्हणतात. आमच्याकडचा शेतकरी खांबावरच्या रोहित्राला डीपी म्हणतो आणि डीपी जळाली की अर्ज लिहिताना मात्र रोहित्र लिहितो.

पहिल्यांदा वीज देताना साठ वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. ट्रान्सफॉर्मर बरा असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून विझतो. उजळून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, वेढे वाचले, घर वाचले. असे बल्ब आता मिळेनासे झाले आहेत, दोन घेऊन ठेवावेत. त्यानंतर लोड लावून दोन-तीन तास चालवावा आणि वीज बंद करून लगेच प्राइमरीचा रोध मोजावा. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरलेल्या हिशेबाने वाढतो, म्हणून मल्टिमीटर हाच थर्मामीटर होतो, आणि तोही हात पोचत नाही अशा आतल्या थरांचा. सुरुवातीच्या तापमानात २३४.५ मिळवायचे, गरम आणि थंड रोधाच्या गुणोत्तराने गुणायचे, आणि २३४.५ परत वजा करायचे. हाताला चटका बसतो की नाही, ही परीक्षा मी आता करत नाही.

वर सांगितलेला १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मी एका मे महिन्यात दुपारी घरात लावला. खोलीत चाळीस अंश, थंड रोध ६२ ओहम. तीन तासांनी ६९. म्हणजे आत सरासरी ७१ अंश. बंद डब्यात घातल्यावर आणि बाहेर पंचेचाळीस झाल्यावर नव्वदच्या आत राहील, पटले. ७५ ओहम आले असते तर ९८ अंश झाले असते आणि १९ गेजच्या जागी १८ घालायला मी परत दुकानात गेलो असतो, तेही ऑगस्टात. वाइंडिंगवाल्याने शेवटच्या टेपखाली एक चिठ्ठी घातली आहे, पुढे कोणी उघडेल त्याच्यासाठी: २३०/१५, १४२६/१०१, ३२/१९, १ टेस्ला, ५० हर्ट्झ.